झुलत्या पुलाचे आकडे

“आवाज का न्हाई आला गं?” भूपालअण्णांनी विचारलं.

हातोडा तर सुटला होता. जाड दांड्याच्या टोकाला बसवलेलं ते भलंमोठं लोखंड वरून खाली आलं, वाटेत आडव्या ठेवलेल्या बोटभर सळईतून पार गेलं आणि पलीकडे जवळजवळ सुटलं होतं तितक्याच उंचीवर चढलं. एरवी हा हातोडा सळईवर बसला की आमच्या लॅबच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची. आज नुसतं ‘टिक्’ झालं.

“अजून एक मोडते. बघा,” मी म्हणाले.

कोरडा बर्फ आणि स्पिरिट घातलेल्या टबातून मी चिमट्यानं दुसरी सळई काढली, झटकन यंत्रात आडवी ठेवली आणि खटका ओढला. पुन्हा ‘टिक्’. दोन तुकडे दोन बाजूंना उडाले. मी ते उचलून अण्णांच्या तळहातावर ठेवले. मोडलेली बाजू खडीसाखरेसारखी चकाकत होती.

“आणि ही आठ महिन्यांपूर्वी मोडलेली.” मी कपाटातून जुने तुकडे काढले. ते मोडण्याआधी वाकले होते. मोडलेल्या जागी करडे, तंतूतंतू निघालेले, फणसाच्या गऱ्यांभोवतीच्या चारखंडासारखे. “लोखंड तेच, अण्णा. तुमचंच. फरक फक्त थंडीचा.”

भूपाल मगदूम शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतले जुने कारखानदार. सळया तापवून, ठोकून, वाकवून त्यांचे आकडे, कड्या, बोल्ट करायचे. साठी ओलांडलेली, पांढरी टोपी, कपाळाला गंध. माझे वडील त्यांचे शाळासोबती, त्यामुळे मी धातुशास्त्र शिकून कोल्हापूरच्या त्या छोट्या तपासणी लॅबमध्ये लागले तेव्हा पहिला माल त्यांनीच पाठवला होता. त्या वर्षी त्यांना हिमालयातल्या एका झुलत्या पुलाचं काम मिळालं होतं. दोन काठांमध्ये जाड तारांचे दोर, त्यांना ओळीनं लोखंडी आकडे अडकवलेले आणि आकड्यांना खाली चालायच्या फळ्या टांगलेल्या. आकडे अण्णांचे. त्यांच्या सळया मीच तपासल्या होत्या, आणि त्या पास झाल्या होत्या.

पण त्या पावसाळ्यानंतर अण्णा एकदा कौतुकानं सांगून गेले, “पोरी, आपला माल कुठं जाऊन बसलाय ठाऊक हाय का? तिथं म्हणं थंडीत नदी गोठती, वरनं खेचरं चालत्यात.” ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. डिसेंबरात दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या गॅसच्या टाकीसाठी थंडीतली चाचणी करायची होती. टब तयार होता, अण्णांच्या उरलेल्या सळया कपाटात होत्या. म्हटलं, बघूया.

“पास झालेला माल तू परत कशाला तपासलास?” अण्णांचा आवाज चढला. “कागदात थंडीचं कायबी नव्हतं. खोलीतल्या हवेला तपासा म्हणले, तपासलं. तुझी सही हाय त्याच्यावर.”

“आहे ना. ती चाचणी खरीच आहे. पण पूल खोलीत नाही.”

ते खुर्ची ओढून बसले. तुकडे एकमेकांना जुळवून बघितले. दोन्ही अर्धे असे नेमके बसले की सांधा दिसेना.

“असं कसं व्हतंय?”

“ऊन हवेत लोखंडावर घाव बसला की ते आधी थोडं ताणतं, वाकतं. त्यात घावाचा जोर जिरतो. थंडीत काही जातीच्या लोखंडाला ताणताच येत नाही. मग कुठं बारीक चीर असेल तर ती सरळ पळत सुटते, एका क्षणात आरपार. आधी काही कळत नाही. ना वाकणं, ना करकरणं. म्हणून या सळईच्या मध्ये आम्ही मुद्दाम खाच पाडतो आणि मग मारतो. किती जोर खाऊन मोडली, त्यावर तिचा चिवटपणा.” मग मी विचारलं, “आकडे वाकवल्यावर परत भट्टीत घालून हळूहळू निववले होते?”

“न्हाई. पास झाल्यावर परत कशाला तापवायचं?”

“जास्त तापलेल्या लोखंडाचे कण मोठे होतात. मोठ्या कणांचं लोखंड थंडीत लवकर दगा देतं.”

त्यांनी पूल उभारणाऱ्या कार्यालयातल्या साहेबांना लॅबच्या फोनवरूनच ट्रंक कॉल लावला. पलीकडचा माणूस सभ्य होता. म्हणाला, कागद सगळे बरोबर आहेत, पूल उत्तम उभा आहे, बर्फ वितळलं की एप्रिलमध्ये माणूस पाठवून बघू. अण्णांनी फोन ठेवला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांना टोपीशिवाय मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

“एप्रिलात तिथं ऊन पडतंय,” ते म्हणाले. “मी जातो. तू येतीस काय? मी एकटा सांगाय गेलो तर म्हातारा बडबडालाय म्हणतील.”

बिनलग्नाच्या मुलीला एवढ्या लांब कसं पाठवायचं, यावर आमच्या घरी एक संध्याकाळ गेली. ती अडचण अण्णांच्या बायकोनं, पद्माकाकूंनी, सोडवली. आमच्याकडच्या बायका बोलतात तशा पुरुषी थाटात त्या म्हणाल्या, “मी पण येतो की. त्यात काय?” आणि दशम्या, मेतकूट, शेंगांची चटणी असं बांधून त्या सगळ्यांच्या आधी तयार झाल्या. अण्णांच्या पिशवीत कारखान्यात मागं राहिलेले चार आकडे होते.

रेल्वे, मग बस, मग आणखी लहान बस. शेवटच्या थांब्यावर उतरलो तेव्हा नाकातून घेतलेला श्वास टोचत होता. नदी खाली खोल घळीत, अर्धी गोठलेली. पलीकडच्या काठावर गाव, अलीकडे रस्ता, दवाखाना आणि शाळा. मधे तो पूल. शाळेची मुलं त्याच्यावरून पळत येत होती आणि पूल त्यांच्या पायाखाली डुलत होता. अण्णा डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. जवळची दुसरी वाट नव्हती, म्हणून एकेक करून आम्हीही त्याच पुलावरून भराभर पलीकडे गेलो.

गावाचे प्रधान होते सैन्यातून निवृत्त झालेले हवालदार नोर्बू. ते हिंदीत बोलायचे, आम्ही आमच्या हिंदीत. त्यांच्या घरात चुलीभोवती आम्हाला बसवून त्यांच्या बायकोनं, यांगझोमनं, खारा चहा दिला. काकूंनी तो एका घोटात संपवून पेला पुढं केला, त्यामुळे यांगझोमला त्या लगेच आवडल्या.

हवालदारांनी आमचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आमच्या मागणीला पंधरा वर्षं झाल्यावर हा पूल झाला. आता तुम्ही म्हणता, बंद करा.”

“फक्त थंडीपुरता,” मी म्हणाले. “नवे आकडे बसेपर्यंत.”

“थंडीतच तर लागतो. दवाखाना त्या काठाला आहे. काल यावरून चार लादलेली खेचरं गेली. काही झालं नाही.”

“उद्या सकाळी दाखवते,” मी म्हणाले. मला फार खात्री होती.

आमचा एक आकडा रात्रभर बाहेर ठेवला. सकाळी पुलाच्या तोंडाशी निम्मं गाव जमलं. आकडा दोन दगडांमध्ये अडकवला, हवालदारांच्या पुतण्यानं घण उचलला आणि मारला. आकडा वाकला. मोडला नाही. दुसरा घाव. आणखी वाकला. कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले.

माझे कान तापले. कोल्हापुराहून इतक्या लांब येऊन लोकांना घाबरवणारी शहाणी पोरगी, असंच सगळे बघत होते. अण्णाही माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला अजून आठवतं. आशा होती. आपला माल चांगला निघावा ही आशा.

मग माझ्या लक्षात आलं. या आकड्याला खाच नव्हती. गुळगुळीत लोखंडाला थंडीतही वाकायला वाव मिळतो. मी करवत मागितली. दुसऱ्या आकड्यावर नखाएवढी खाच पाडली आणि म्हणाले, “आता मारा.”

एक घाव. टिक्. आकड्याचं टोक उडून बर्फात जाऊन पडलं.

हसणं थांबलं. हवालदार मात्र तुकडा हातात घेऊन शांतपणे म्हणाले, “बेटी, ही चीर तू पाडलीस. माझ्या पुलाच्या आकड्यांना कुणी करवत लावलेली नाही.”

त्यांचं बरोबर होतं.

“मग जाऊन बघायला पायजे,” अण्णा म्हणाले. “चीर हाय का न्हाई.”

पुलाच्या मध्यावर वरचा दोर खाली येतो, तिथले आकडे हाताला लागतात. ऊन चांगलं वर आल्यावर जायचं ठरलं. अण्णा एकटेच निघाले होते. पण काय बघायचं ते मला ठाऊक होतं, म्हणून भिंग घेऊन मी त्यांच्या मागोमाग पुन्हा पुलावर पाय ठेवला. फळ्यांच्या फटीतून खाली हिरवट बर्फ आणि त्यामधून वाहणारं काळं पाणी दिसत होतं. मी पुस्तकातली सगळी धातुविद्या विसरले. माझ्या डोक्यात एकच होतं: एक आकडा तुटला की त्याचा भार झटक्यानं शेजारच्यावर जातो, मग त्याच्या शेजारच्यावर. पुढं अण्णा बारीक आवाजात णमोकार मंत्र म्हणत चालले होते. दोन्ही बाजूंच्या दोरांना हात न लावता चालत होते, जणू हात लावला तर तेवढंही ओझं वाढेल.

मधल्या आकड्यांपाशी आम्ही थांबलो. मी भिंग लावून एकेक आकडा बघत गेले. रंग, थोडा गंज, बाकी काही नाही. चौथ्या की पाचव्या आकड्याशी अण्णांनी बोट ठेवलं. “इथं बघ.”

वाक जिथं सुरू होतो तिथं, आतल्या बाजूला, एक अक्षर ठोकलेलं होतं. ‘म’.

“हे काय आहे?”

“आमचा शिक्का,” अण्णा म्हणाले. “मगदूमांचा. माल गाडीत चढायच्या आधी छिन्नीनं ठोकतोय. बाहेरनं रंग घासला जातोय म्हणून आतनं मारला, कायमचा ऱ्हावा म्हणून. आपल्याकडं मागं राहिलेले चार होते, त्यांच्यावर मारायचा राहिला हुता.”

लॅबमध्ये मी जी खाच मुद्दाम पाडते, ती इथं प्रत्येक आकड्यावर पाडलेली होती, आणि तीही जिथं ताण सगळ्यात जास्त येतो नेमकी त्याच जागी. मी भिंग त्या अक्षराजवळ नेलं. ‘म’च्या उभ्या दांड्याच्या खालच्या टोकापासून एक रेघ निघाली होती. केसासारखी, रंगाच्या खालून वर आलेली, नखभर लांब. मी भिंग अण्णांच्या हातात दिलं.

त्यांनी बराच वेळ बघितलं. वारा सुटला तसा पूल डुलू लागला, पण ते हलले नाहीत. शेवटी मीच म्हणाले, “अण्णा, चला.”

काठावर आल्यावर हवालदार स्वतः जाऊन बघून आले. मग म्हणाले, “ओरखडा वाटतो. आणताना लागला असेल.”

“असेलही,” मी म्हणाले. “इथं उभं राहून मला खात्रीनं सांगता येणार नाही.”

हे ऐकून त्यांच्या कपाळावरची आठी गेली. ते माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघू लागले, पण त्यांचा निर्णय झाला नव्हता. तेवढ्यात अण्णा पुढं झाले. त्यांची हिंदी मोडकी, त्यात मराठी मिसळलेली, पण प्रत्येक शब्द कळला.

“साहेब, ते अक्षर माझ्या बापाचं नाव हाय. चाळीस वर्षं मी ते मालावर ठोकलंय. आज मी तुमाला सांगालोय, हा माल वाईट हाय. माझा माल वाईट हाय.”

पद्माकाकू जवळ आल्या आणि त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या.

हवालदारांनी अण्णांकडे पाहिलं, पुलाकडे पाहिलं. “बाजारात मी बरेच दुकानदार पाहिले,” ते म्हणाले. “स्वतःच्या मालाला नावं ठेवायला इतक्या लांब आलेला एकही नाही.” मग त्यांनी पुतण्याला हाक मारली आणि पुलाच्या दोन्ही तोंडांना काटेरी तार लावायला सांगितली.

वरच्या अंगाच्या लांबच्या वाटेनं दोन दिवस चालून आम्ही परत आलो. अण्णांनी दुसरं, स्वच्छ पोलाद मागवलं. आकडे वाकवल्यावर परत तापवून हवेत हळूहळू निववले. प्रत्येक भट्टीतले दोन आकडे आणि त्याच पोलादाच्या सळया त्यांनी माझ्याकडे आणून दिल्या. आता मी सगळं थंडीतच मोडत होते. आकडे खाच पाडून ओढत होते, आणि सळईवर हातोडा बसला की तावदानं थरथरत होती.

मात्र जानेवारीच्या शेवटी हवालदारांचा फोन आला. यांगझोम घराच्या पायऱ्यांवरून घसरली होती. मांडीचं हाड मोडलं होतं. नदी नीट गोठलेली नव्हती, पुलाला तार. पाच-सहा जणांनी तिला फळीवर बांधून वरच्या अंगाच्या वाटेनं नेलं, दोन दिवस लागले. “पाय वाचला,” ते म्हणाले, “पण वाकडा जोडला गेला. पूल असता तर अर्ध्या तासाचं काम होतं.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं.

त्यानंतर मला झोप लागेना. पूल उभाच होता. थंडीभर उभा होता. तो पडला नाही म्हणून कुणाला काय दाखवणार? आणि यांगझोमचा पाय मात्र खरोखरच वाकडा झाला होता. मी अण्णांना हे बोलले, तर ते म्हणाले, “मी पण त्येच इचार करालोय.” आणि विषय बदलला.

मे महिन्यात नवे आकडे बसले. जुने पोत्यात भरून कोल्हापूरला आले. अण्णांचा विचार ते न तपासता थेट भट्टीत टाकायचा होता. “कळून काय करायचंय आता?” ते म्हणाले. “चांगले निघाले तरी त्या बाईचा पाय सरळ व्हणार न्हाई, आणि वाईट निघाले तरी न्हाई.”

“तिला कळायला हवं,” मी म्हणाले.

मग पोतं त्यांनी स्वतः लॅबमध्ये ओढत आणलं.

या वेळी हातोडा नाही. दोन्ही टोकं धरून हळूहळू ओढणारं मोठं यंत्र आमच्याकडे होतं. पुलावरच्या पहाटेइतका थंड केलेला आकडा त्यात अडकवायचा आणि भरल्या पुलावर येईल तेवढा भार द्यायचा. पहिला आकडा तेवढा भार घेऊन उभा राहिला. दुसराही. तिसरा, चौथा. अण्णा प्रत्येक आकड्याला मान डोलवत होते, आणि प्रत्येक डोलवण्याबरोबर खचत चालले होते. माल चांगला निघत होता. म्हणजे आम्ही उगाचच एका बाईचा पाय घालवला होता.

सगळ्यात शेवटी मी तो घेतला, रेघ असलेला. भिंगानं शोधून मी तो आधीच वेगळा काढून ठेवला होता. यंत्र सुरू केलं. काटा हळूहळू वर चढू लागला. पूल नुसता टांगलेला असताना येतो तेवढा भार झाला. त्याच्या जरा पुढं गेला, दोन-चार माणसं वर चढली तर होईल एवढा. आणि टिक् झालं.

खालचा अर्धा आकडा यंत्राच्या पायाशी पडला. मी उचलून बघितला. मोडलेल्या बाजूला नखभर जागा गंजून काळी झाली होती, जुनी चीर तिथपर्यंत आली होती. बाकीचा सगळा भाग ताजा, चकचकीत. त्या पुलावरून रोज शाळेची मुलं पळत जायची.

अण्णा हसले नाहीत, रडले नाहीत. “हवालदारास्नी फोन लाव,” एवढंच म्हणाले. “तूच सांग.”

तिथं रस्त्याकडच्या काठाला, बसथांब्याच्या दुकानात फोन होता. कुणीतरी हवालदारांना बोलावून आणलं, तोवर आम्ही फोन धरून बसलो. मी त्यांना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. बाकीचे आकडे टिकले, हेही सांगितलं. मग ते म्हणाले, “थांबा. ती इथंच आहे, दवाखान्यात दाखवायला आणलीय. तिला सांगतो.”

“पुलावरून आलात?”

“नाही. ती नव्या पुलावर पाऊल ठेवत नाही. अजून वरच्या वाटेनंच आणावं लागतं, खेचरावर बसवून.”

त्यांनी तिला तिच्या भाषेत सांगितलेलं मला ऐकू येत होतं. मग तिचा आवाज आला, हळू, एकच वाक्य.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“विचारतेय, नव्या आकड्यांतले असेच मोडून बघितलेत का? थंडीत?”

“हो,” मी म्हणाले. “प्रत्येक भट्टीतले दोन. थंडीतच. खाच पाडून ओढले. आधी ताणले, मग वाकले. चीर पळाली नाही.”

त्यांनी ते तिला सांगितलं. अण्णा माझ्या तोंडाकडे बघत होते. पलीकडे दोघांचं बराच वेळ बोलणं चाललं होतं, बहुधा वादच. मग हवालदार परत फोनवर आले.

“खेचर परत पाठवा म्हणतेय,” ते म्हणाले. “पुलावरून चालत जाईन म्हणते.”